हसू धरणारी तेज फिल्म

गुरुलिंगअप्पांच्या पंचाहत्तरीचं पुस्तक निघणार हे कळताच मी हट्टच धरला, पहिला लेख माझा! अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, तोंड तर चालतंय. अप्पांनी आमच्या सास्तूर गावात काढलेल्या पहिल्या फोटोत मी आहे, आणि त्याच फोटोनं माझं लग्न मोडत आणलं होतं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. अप्पा विशीतले, हैदराबादेत फोटोचं काम शिकून आलेले. मला सोयरीक आली लोहारा गावची. मुलगा दूर नोकरीला, म्हणून फोटो पाठवायचं ठरलं. अप्पा "दगडागत बस" म्हणाले की मला हसू फुटायचं! साधी फिल्म सुस्त, चेहरा धरायला वेळ लावायची. ओसरीच्या सावलीत जरा हललं की तोंडाचं पिठलं. दोन फोटो वाया गेले. मग अप्पांनी जपून ठेवलेली तेज फिल्म काढली आणि आधीच वडिलांना बजावलं, "काका, ही हसू धरंल. पर तोंड गुळगुळीत न्हाय येणार, रव्यागत दाणे दिसतील."

"दिसू दे रवा. हसरी पोरगी दिसू दे," वडील म्हणाले.

हसू धरलं, अगदी दातांसकट! पण फोटो उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात धुतलेला, वर मोठा केलेला. दाणे लईच उठले. लोहाऱ्याहून सासूबाईंचा निरोप आला, "पोरीला देवी येऊन गेल्यात. तोंडभर वण हायत. सोयरीक न्हाय." मला पाहून गेलेले त्यांचे मामा माझं तोंड साफ असल्याची साक्ष देत होते, पण मामांना भर दुपारी समोरची बैलगाडी दिसत नसे!

आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्यानं कानावर हात ठेवले असते. अप्पा कॅमेरा घेऊन थेट लोहाऱ्यात हजर.

"अव्वा, तुमच्या तोंडावर वण हायत का?"

"मुडद्या! लोण्यावानी तोंड हाय माझं."

"मग बसा."

फिल्म तीच, पाणी तसंच, फोटो तेवढाच मोठा. चार दिवसांनी तो त्यांच्या हातात ठेवला. लोण्यावर रवा! सासूबाई आधी आरशाकडं धावल्या, मग पोट धरून हसल्या. "आना रं पोरीला! सासू-सून एकाच देवीच्या."

लग्नात अप्पांनी सुस्त फिल्मवर आमचा फोटो काढला. त्यात मी गुळगुळीत, देखणी आणि खांबासारखी ताठ. आमच्या ह्यांनी जन्मभर खिशात बाळगला तो मात्र रव्याचाच.

आपल्या मालाचा दोष आधी सांगायचा आणि गोत्यात आलेल्या माणसाला सोडायचं नाही, ही अप्पांची रीत. पुढं कितीतरी घरांनी ती अनुभवली.

अप्पा, सत्काराच्या दिवशी फोटोवाला तुम्हाला हलू नका म्हणेल. खुशाल हला, हसा. तुमची नजर, गुडघे आणि हा खट्याळपणा असाच धडधाकट राहो. शंभरीचा फोटो मी काढणार आहे. अक्षर येत नाही, पण खटका दाबता येतो!