उशिरा दिसणारी दमणूक

लेकीच्या कॉलेजातल्या प्रयोगासाठी आम्ही नवरा-बायको शेजारशेजारच्या सायकलींवर बसलो. मांडीला बांधलेले पट्टे स्नायूंतला ऑक्सिजन मोजत होते. पडद्यावर ह्यांची रेघ भराभर खाली गेली, माझी मात्र सावकाश.

"आई, तुझे स्नायू ऑक्सिजन पुरवून पुरवून वापरतात. बायकांमध्ये पुष्कळदा असं दिसतं," लेक म्हणाली.

वेळ संपली तशी मी पाय थांबवले; हे धापा टाकत उतरले. "ही कधी दमतच नाही!" म्हणाले, तेही कौतुकानं. लेकीनं त्यांना पाणी दिलं.

तेल, साखर, पाणी सगळं जन्मभर पुरवून वापरलं; श्वासही तसाच वापरतेय, हे माहीत नव्हतं. अगं, दमते मी, फक्त उशिरा दिसतं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात तिनं विचारलं, "आई, अजून पाच मिनिटं?"

उत्तर द्यायच्या आधीच माझे पाय फिरू लागले होते.