ठोका न देता घेतलेलं माप

गोदीत तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे तिखट. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं जास्त आवडायचं.

पोरवयात ती इथे आली ती जहाजांच्या बुडाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायला. एकदा मापं घेणाऱ्या फिटरचा पंजा पंख्यामागच्या सापटीत शिरेना. शिव्या देत त्याने हिला बोलावलं, "ए पोरी, तुझा हात बारीक आहे, घाल आत." तिने हात घातला तो पुन्हा बाहेर काढलाच नाही, असं ती सांगायची. "बाईमाणसाचं काम नाही हे," म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांतल्या एकाला तिने सगळ्यांसमोर विचारलं, "का हो, शाफ्ट लाजतो का?" त्यानंतर ते वाक्य गोदीत ऐकू आलं नाही.

काम समजायला सोपं. जहाजाला ढकलणारा पंखा एका लांब शाफ्टवर बसवलेला असतो आणि तो शाफ्ट जहाजाच्या शेपटाशी एका बेअरिंगवर टेकतो. फिरून फिरून बेअरिंग खालच्या बाजूने झिजतं, शाफ्ट तेवढा खाली बसतो आणि त्याच्या डोक्यावर फट वाढते. जहाज सुक्या गोदीत आलं, की त्या फटीत फीलरच्या, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या, पोलादी पात्या एकीला एक लावून सरकवायच्या. जेवढ्या मावल्या तेवढी झीज. हद्द ओलांडली, तर नवं बेअरिंग बसेपर्यंत जहाज पाण्यात उतरत नाही.

फक्त आधी शाफ्ट फिरवून, दर वेळी माप एकाच जागी घेतलं जावं म्हणून त्यावर ठोकलेली खूण बरोब्बर वर आणायची. एक जण आत इंजिनखोलीत दांड्याने शाफ्ट फिरवतो, दुसरा बाहेर पंख्यापाशी. मध्ये लोखंडाची भिंत, हाक पोचत नाही. म्हणून हातोडीने बोलायचं. दोन ठोके म्हणजे फिरव, एक म्हणजे थांब.

त्या सकाळी गोदीत चढली होती पैलतीराला जाणारी उतारूंची बोट, आणि आत दांड्यावर होता ताईचा सख्खा धाकटा भाऊ. बोटीचं इंजिन त्याच्याच ताब्यात. मागच्या खेपेला बेअरिंग पार खाल्लेलं निघालं होतं. त्याला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीत रेती साचलेली, आणि याने पाहिलं नव्हतं. ताईने अख्ख्या खलाशांपुढे विचारलं होतं, "बोट चालवत होतास का कुटत होतास?" मालकाने नवं बेअरिंग बसवलं आणि बजावलं, "पुन्हा असं झालं, तर इंजिनखोलीची किल्ली ठेवून घरी जायचं."

तेव्हापासून भावाने अबोला धरला होता. दोघं राहायची एकाच मजल्यावर, दाराला दार लागून. मधल्यामध्ये भावजयीच्या चपला झिजत.

"ताई, हे विचारताहेत, मोठा पाना आहे का तुमच्याकडे?"

"त्याला म्हणावं, तोंड गहाण टाकलंय का?"

भावजय परत जाऊन सांगायची, "ताई म्हणाल्या, आहे."

असं सगळं असताना ताई पंख्यापाशी पोचली. हातोडी कमरेला होती, पण हात तिकडे जाईना. मी का आधी ठोकू? थोरली कोण? मी आल्याचं त्याला कळलंय, फिरवला असेल त्याने आपला शाफ्ट. चिखलाच्या थराखाली खूण दिसत नव्हती आणि पुसायला तिने हात लावला नाही. पात्या सरकवल्या. एक गेली, दुसरी गेली, तिसरीही आत. फट हद्दीच्या बाहेर.

"गेलं हेही!" तिने मुकादमाला ओरडून सांगितलं. त्या आवाजात थोडा आनंद होता, हे नंतर तिचं तिलाच डाचलं.

बातमी शिडीने वर गेली आणि भाऊ तीच शिडी धडाधडा उतरत आला. इतक्या दिवसांचा अबोला एका दमात फुटला.

"सूड उगवलास ना? मनासारखं झालं?"

"माप बोलतंय, मी नाही! माझं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

"कसलं माप? मी दांडा धरून बसलोय आत, घामाने भिजून. तू ठोकलंसच कुठे? शाफ्ट सूतभरही फिरवलेला नाही मी!"

ताई वळली. तिने बाहीने शाफ्टवरचा चिखल पुसला. खूण वर नव्हतीच. वर होती ती जुनी खोक, पंख्यात कधीकाळी अडकलेल्या तारेने शाफ्टला पाडलेली. पात्या त्या खोकेत उतरल्या होत्या आणि खोकेची खोली झीज म्हणून मोजली गेली होती. खोक खाली राहावी म्हणून ती खूण ताईनेच ठोकलेली!

आजूबाजूला पंधरा माणसं उभी. गप्प बसली असती, तर एवढंच झालं असतं की भावाच्या हातची किल्ली गेली असती. तिच्या मापापुढे त्याचं कुणी ऐकलंही नसतं.

"मुकादम," ती म्हणाली, आणि आवाज नेहमीपेक्षा जास्तच चढला, "माप चुकलं. माझं चुकलं. रागाच्या भरात खूण न बघता घेतलं. पुन्हा घ्यायचंय."

मुकादम हसला नाही, तोही शहाणा. "पुन्हा तूच घेतलंस, तर लोक म्हणतील भावाला सांभाळलं. अदलाबदल करा. तो बाहेर पात्या धरेल, मी शेजारी उभा राहतो. तू आत जा."

ताई इंजिनखोलीत उतरली. भट्टीसारखी धग. लोखंडी जमीन मात्र लख्ख, फडकी घडी घालून खिळ्याला टांगलेली. आणि पाण्याच्या नळीवर, जिथे मागे रेती साचली होती तिथे, हाताने बनवलेली तांब्याची जाळी. तिने झाकण उघडून बोट फिरवलं. दोन कण लागले, तेवढेच. आज सकाळीच साफ केलेली असणार.

बाहेरून ठोके आले, तिने दांडा ओढला, थांबली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पहिल्यांदा तिला कळलं, की आत बसलेल्याला काय वाटत असतं.

शेवटी दारात भाऊ उभा राहिला. तळहाताला ग्रीस, चेहरा लहानपणी पोहून आल्यावर असायचा तसा.

"नव्यासारखं आहे. मुकादमाने स्वतः पाती ओढून पाहिली. दुपारच्या भरतीला पाण्यात."

ताईने मान हलवली. जाळीकडे बोट केलं.

"ही कुणी बसवली?"

"मी. का?"

"आडवी बसवलीस. उभी हवी होती."

"आडवीच बरोबर आहे! उभी बसवली तर काढताना सगळी रेती आत सांडेल."

"मला शिकवतोस?"

"हो, शिकवतो!"

डबा घेऊन आलेली भावजय गोदीच्या काठावर थबकली. बोटीच्या पोटातून दोघांचे आवाज चढत होते, आणि हिला मध्ये पडायची काही गरज नव्हती. डबा बाजूला ठेवून ती निवांत सावलीत बसली. भांडण चांगलंच रंगात आलं होतं.