अर्धी जिजींची, अर्धी आबांची

सकाळी पोळ्या लाटत होते तेव्हा उषाचा फोन आला. "वहिनी, आबा उठत नाहीत हो... मघापासून हाका मारतेय." मी गॅस बंद केला आणि ह्यांना हाक मारली. जळगावातल्या पिंप्राळ्याहून निघून आम्ही धुळ्याला पोहोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेले, म्हणाले. माझे सासरे, आमचे आबा, लेकीच्या घरी पुढच्या खोलीतल्या कॉटवर निवांत पडल्यासारखे दिसत होते. गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली. रडू आलंच, पण त्या रडण्यात कुठेतरी समाधानही होतं... कारण आबा उषाच्या घरी जातील, राहतील आणि तिथेच डोळे मिटतील, असं चार वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर आमच्या घरात कुणालाच खरं वाटलं नसतं.

उषा माझी धाकटी नणंद. कॉलेजसाठी धुळ्याला राहिली आणि तिथेच तिने दिनेशशी लग्न केलं, जातीबाहेर. आमचं गाव नरडाण्याजवळ, सगळी भावकी एकाच गल्लीत. आबांचे थोरले भाऊ नाना सगळ्यांसमोर म्हणाले, "ती आपल्याले मेली." आबांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गप्प बसले. पण त्यांचं ते गप्प बसणंच पुढे घराचा कायदा झालं. उषाचं नाव निघालं की ते उठून गोठ्याकडे जायचे. माझ्या सासूबाई, म्हणजे जिजी, आमच्याकडे जळगावला आल्या की माझ्या फोनवरून लेकीशी बोलायच्या, आणि बोलून झालं की फोन पदराने पुसून माझ्या हातात द्यायच्या.

शेवटच्या वर्षी जिजींनी गोधडी शिवायला घेतली. घेतली ती उषासाठी, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण आबा सोडून सगळ्यांना कळत होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. घरातल्या जुन्या कपड्यांची ठिगळं... हळदीसारखा पिवळा खण, पोपटी पोलकं, कुंकवासारखी लाल काठाची पट्टी, आबांच्या निळ्या सदऱ्याचे चौकोन. एका कोपऱ्यापासून धावदोरा घालत जिजी मधोमध आल्या आणि आजारी पडल्या. त्यातून त्या उठल्या नाहीत.

जिजींचं सगळं आटोपल्यावर हे आबांना घेऊन आले. नरडाण्याहून गाडीने आलेले आबा रिक्षातून उतरले तेव्हा कपड्यांची पिशवी ह्यांच्या हातात होती आणि आबांच्या काखेत चादरीत बांधलेलं गाठोडं. ते त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. आत जाऊन सोडलं. अर्धी गोधडी होती, सुई तशीच कापडात टोचलेली. मी म्हटलं, "आबा, कॉलनीत एक बाई शिवून देतात, टाकूया का त्यांच्याकडे?" आबा म्हणाले, "नई. मी करसू."

ज्या माणसाने जन्मात सदऱ्याचं बटण लावलं नव्हतं, तो माणूस गोधडी शिवणार! पहिले काही दिवस ते दार लोटून बसायचे. टाका कधी बोटभर लांब, कधी एकावर एक. खालचं कापड गोळा व्हायचं, की सगळं उसवायचे आणि पुन्हा सुरू. शेवटी कंटाळून गच्चीवर गेले. तिथे हिवाळ्यात शेजारच्या बायका उन्हाला बसत. त्यातल्या मालतीअक्कांनी हसत हसत त्यांना कापड गुडघ्याखाली ताणून कसं धरायचं ते दाखवलं. बायका आधी लाजल्या, मग सरावल्या. दुपारी मी शाळेत शिकवून आले की वरून आवाज यायचा, "आबा, चाळिशी लावा, दोरा भलतीकडेच चालला!" आणि त्यावर आबांचं खोकल्यासारखं हसू. जिजी गेल्यानंतर ते हसू मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जिन्यातच थांबले होते.

मग एक अडचण आली. खालच्या अस्तराला जिजींची साडी पुरेना. मी माझी एक सुती साडी काढून दिली, चांगली मऊ झालेली. आबांनी ती हातात घेऊन पाहिली, घडी केली आणि परत दिली.

"तुनी नको. तिनी जोयजे."

तिची पाहिजे म्हणजे कुणाची, हे मी विचारलं नाही. उषाचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून उषा "वहिनी, वहिनी" करत होती. आबा एवढंच म्हणाले, "उषी... तुनी एखादी जुनी साडी शे का? गोधडीले कमी पडी राहिनी." तिचा बारीक आवाज आला, "कोन्ता रंगनी, आबा?"

"तुले आवडस ती."

रविवारी ती आली. जांभळी साडी पिशवीत आणि डोळे प्रवासभर रडून सुजलेले. गच्चीवर आबांनी तिच्याकडे पाहिलं, मानेने समोरची जागा दाखवली. दोघं गोधडीच्या दोन बाजूंना बसले. मागचं काही निघालं नाही. आबांनी माफी मागितली नाही, तिनेही हिशोब मागितला नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आबा, तुमचे टाके जिजीपेक्षा लांब पडतात."

"मंग उसव."

"नको... राहू द्या. कळू दे कोणते कोणाचे."

दिनेश तिला सोडून खाली फाटकापाशीच उभा होता, मोटरसायकलला टेकून. मी चहाचे कप आणले. आबांनी ते पाहिले, उठून कठड्यावरून एकदा खाली पाहिलं आणि परत सुई हातात घेत म्हणाले, "त्याले वर बलाव. चहा थंडा व्हई राहिना."

गोधडी संक्रांतीच्या आत पूर्ण झाली. आबा ती स्वतः एसटीने धुळ्याला घेऊन गेले, मांडीवर ठेवून. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी लेकीकडे राहून यायचं हे ठरलेलंच झालं. दिनेश त्यांच्यासाठी आधीच कॉट मोकळी करून ठेवायचा. गावात भावांना मात्र हे रुचलं नाही. नाना त्यांच्याशी बोलेनासे झाले. आबांनी त्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही.

आबा गेले त्या सकाळी गावाहून भावकी आली ती गल्लीतच थांबली, उषाचा उंबरा कुणी ओलांडेना. पण आबा आत होते. उचलायला आत यावंच लागलं. सगळ्यांत आधी नाना आले, भिंतीचा आधार घेत. कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, अंथरूण-पांघरूणही बरोबर द्या. उषाने गोधडी ओढून छातीशी धरली. "ही नाही देणार. अर्धी जिजीनी शे, अर्धी आबानी." नाना एवढंच म्हणाले, "राहू द्या तिले."

परवा उषाचा फोन होता. नाना आले होते, एकटेच, बसने. दारात चप्पल काढली, पाणी मागून घेतलं. मग म्हणाले, ती गोधडी दाखव. तिने कॉटवर पसरली. नानांनी आधी जिजींचे बारीक टाके पाहिले, मग आबांच्या लांब, वाकड्या टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरवलं. "खरंच त्यानी शिवी हाई?" उषा हो म्हणाली.

"जरासा पडू का आठे?" त्यांनी कॉटकडे हात करून विचारलं.

आणि दुपारभर नाना त्या कॉटवर झोपले. उषा म्हणाली, मी स्वयंपाकघरात आवाज न करता भांडी लावत होते, वहिनी... मग नाना उठले, तोंड धुतलं, आणि विचारलं, "जावई कवय येस घरी? त्याले भेटीसनच जासू."