धुतलेले सदरे

आयुष्यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असं विचारलं, की मी सापाचं नाव घेईन अशी नातवंडांची खात्री असते. खरं म्हणजे मी घाबरले होते एका पिवळ्या कागदी पट्टीला. बोटभर लांब.

तेव्हा मी यवतमाळच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायची. पन्नाशीची बाई, पदराला पिन, पर्समध्ये फणी, आणि आपल्यावाचून विज्ञानाचं अडतं ही पक्की समजूत. दिवस कापसाचे, म्हणजे वाईट. बोंडअळीवर औषध मारता मारता माणसंच आडवी होत होती. फवारणी करून आलेला माणूस घरी ओकायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पण अंगाला औषध किती लागलं हे सांगणारं काहीच जवळ नसायचं.

त्यासाठी आम्हाला दिल्लीहून अनुदान मिळालं होतं. यंत्रासाठी कमी, माणसं घडवण्यासाठी जास्त. जीवशास्त्राच्या मुलांनी सोल्डरिंग शिकायचं, इंजिनिअर मुलांनी दवाखान्यात आणि वावरात उभं राहायचं, दोघांनी मिळून एक काम तडीस न्यायचं आणि त्यातच पीएच.डी. करायची. दर महिन्याला शिष्यवृत्ती. मध्यावर समिती येऊन काम बघणार. तिची मान हलली तर पुढची वर्षं, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

माझ्याकडे दोघं होते. एक इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा. त्याची चिंता नव्हती, तो पुण्याला कुठल्याही कंपनीत चिकटला असता. दुसरी दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावरची मुलगी, तिथली पहिली एम.एस्सी. शिष्यवृत्ती थांबली की तिचा रस्ता सरळ कापसाच्या वावरात जात होता. ती हे कधी बोलली नाही, पण समितीची तारीख कळल्यापासून डब्यातली भाकर अर्धी परत न्यायला लागली.

दोघांनी केलेली गोष्ट साधी होती. पिवळी पट्टी तळहातावर दाबायची. औषध लागलेलं असेल तर ती काळवंडते, आणि किती काळवंडली ते एक छोटी डबी आकड्यात सांगते. समितीला हे तिच्याच तांड्यावर, फवारणीच्या हंगामात दाखवायचं ठरलं.

आदल्या दिवशी मी तिच्याकडून निरोप धाडला: मोठे लोक येताहेत, सगळ्यांनी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यावं. ती काहीतरी म्हणणार होती. मी तिला बोलूच दिलं नाही. तुझ्याच तांड्याची इज्जत आहे, असं सुनावलं. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईची ही अक्कल.

सकाळी समितीचे तिघं जीपमधून उतरले. लिंबाखाली पुरुष रांगेत बसले होते. पांढरे सदरे, केसांना तेल, नवरदेवाच्या वरातीतले वाटावेत असे. मला केवढा अभिमान! पहिली पट्टी दाबली. पिवळीच. दुसरी पिवळी. सातवीही पिवळी निघाली तेव्हा इंजिनिअरनं डबी उलटी करून ठोकली. मुलीकडे बघायची हिंमत होईना. अध्यक्षांनी फाइल मिटत हळूच विचारलं, यंदा फवारणी झालीच नाही का?

तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, म्हणाले, "झाली ना साहेब, काल दिवस बुडेवरी. पण बाईनंच तं सांगतलं, साफसूफ होऊन या म्हून. साबण लावून आंग घासलं, सदरे पहाटीच धुतले."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. पदराची पिन टोचायला लागली.

मुलगी मात्र नायकांकडेच बघत होती. "धुतले कोणी?" तिनं विचारलं.

बाया मागे दारात उभ्या होत्या. ती सरळ आपल्या याडीकडे, आईकडे गेली, तिचा ओला हात उलटा करून पुसला आणि तळव्यावर पट्टी दाबली. पट्टी आधी मातकट झाली, मग काळी. डबी वाजली. इंजिनिअरनं आकडा वाचला. डबी अध्यक्षांपुढे धरली.

खोटं कायले बोलू, क्षणभर मला आनंद झाला. काम साधलं, असं मनात आलं. मग त्या काळ्या पट्टीमागचा हात दिसला, चिरा पडलेला. सदऱ्यांवरचं औषध माझ्या निरोपानं तिच्या हातांवर आणून ठेवलं होतं.

"कायले भेता बाई," याडी हसून म्हणाली, "हे तं रोजचंच हाय."

समितीच्याच जीपमधून तिला दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दुपारपर्यंत बसवून ठेवलं, दोन-चार दिवस लक्ष ठेवा म्हणून सोडलं. परतताना अध्यक्ष म्हणाले, पुढची वर्षं धरून चाला. मुलगी तांड्यावरच राहिली. तिथं फोन नव्हता, काही झालं तर दारव्ह्याच्या दवाखान्यातूनच फोन येणार होता. ते चार दिवस मी घरात फोन वाजला की दचकायची, आणि नाही वाजला तर जास्तच.

सोमवारी ती फाटकातून आत येताना खिडकीतून दिसली. मी तिचा चेहरा वाचू बघत होते. लांबून काही कळेना. दारात येऊन तिनं चप्पल काढली.

"याडी बरी आहे, मॅडम," ती म्हणाली. "तिनं विचारलंय, पुढच्या वेळी सदरे धुवायचे की नाही?"