जोडप्यातला गळलेला 'प'

पेंटरने आजवर शंभरेक दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या होत्या. 'तज्ज्ञ' या शब्दात एक 'ज' जास्तीचा असतो, हे निम्म्या गुप्तरोग तज्ज्ञांना त्यानेच सांगितलं होतं. एकाने तर विचारलं होतं, "नावाखाली जागा उरतेय, तिथे कुठली पदवी शोभेल?" त्यामुळे स्वतःवर वेळ आली तेव्हा जायचं कुणाकडे, हा प्रश्नच होता.

वय त्रेपन्न. आठ महिने अंथरुणात शरीर साथ देत नव्हतं. बायकोला हे चार शब्दांत सांगता आलं असतं, पण एवढी अक्षरं काढणाऱ्या माणसाच्या तोंडून चार शब्द फुटेनात. त्याने आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. म्हणे, टर्पेंटाइनच्या वासाचा तुला त्रास. सत्तावीस वर्षं त्याच वासात झोपलेली बाई इतकी मठ्ठ नव्हती. पूर्वी तयार झालेली प्रत्येक पाटी ती एकदा मोठ्याने वाचून बघायची. तेही त्याने बंद केलं. समोर बसणंच नको.

शेवटी ती म्हणाली, "दुसरी कोणी असेल तर सरळ सांगा. पंधरा तारखेला मी ताईकडे चाललेय. परत येईन असं धरून चालू नका."

तो ब्रश धुवायला उठून गेला.

त्याच आठवड्यात सरकारी इस्पितळातून एक पाटी दुरुस्त करायचं बोलावणं आलं. तिथे महिन्यापूर्वी लैंगिक आणि वैवाहिक अडचणींसाठी नवी खोली उघडली होती. एवढं पाटीवर लिहायला मोठ्या साहेबांना लाज वाटली, म्हणून नुसतं 'जोडप्यांसाठी' लिहायचं ठरलं होतं. पेंटर मात्र 'प' गाळून 'जोड्यांसाठी' रंगवून मोकळा झाला होता. मग काय, अख्खं इस्पितळ त्या दाराशी चपला-बूट काढून ठेवू लागलं.

"महिन्यात चपलांचे ढीग आले," त्या खोलीतल्या सल्लागार बाई म्हणाल्या, "जोडपं एक नाही! मी काय जोड्यांना सल्ला देऊ?"

पेंटर शिडीवर चढला, ब्रश बुडवला, आणि खाली न बघताच म्हणाला, "माझा एक मित्र आहे. त्याला जमत नाही... म्हणजे, तसं."

"वय काय मित्राचं?"

"त्रेपन्न."

"तहान फार लागते? लघवीला सारखं जावं लागतं?"

शिडीखाली पेंटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, दोन्ही रिकाम्या. बाईंनी त्या पाहिल्या.

"मित्राचं रक्त तपासू या," त्या म्हणाल्या. "तुमच्याच दंडातून काढू. उतरा खाली."

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. रक्तात साखर, तीही भरपूर.

"साखरेने असं होतं. उपचार आहेत, बऱ्याच जणांना गुण येतो," बाई म्हणाल्या. "मित्राच्या बायकोला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग गोळ्यांनी निम्मंच काम होईल. तिला आणा. आणि तोवर तो 'प' गाळलेलाच राहू दे."

चौदा तारखेला बायको कपाटातल्या साड्या पिशवीत भरत होती.

"अगं, एक पाटी वाचायला येतेस?"

"आत्ता आठवण झाली?" ती फणकारली. पण पायात चपला सरकवल्या.

दारासमोर उभं राहून तिने मोठ्याने वाचलं, "जोड्यांसाठी." मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "यातला 'प' कुठे गेला? मी वाचलं नाही की असंच व्हायचं तुमचं."

"म्हणूनच आणलं. पण 'प' नंतर. आधी आत जायचंय."

"कुणी?"

"आपण दोघांनी. दुसरी कोणी नाहीये गं. माझंच शरीर..." त्याने दार उघडून धरलं.

ती पुढे झाली. मग पाटीवर लिहिल्याप्रमाणे चपला काढू लागली.

"राहू द्या त्या पायात," बाई आतून ओरडल्या.

तासाभराने बायकोचा आवाज दाराबाहेर ऐकू आला.

"आठ महिने! आठ महिने मी गल्लीतल्या एकेका बाईवर संशय घेतला, आणि निघाली काय, तर साखर!"

पंधरा तारखेला ती बहिणीकडे गेलीच. पण त्याच्या गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या अक्षरात भिंतीवर लिहून, आणि तिसऱ्या दिवशी परत येते असं सांगून.