मामाजींच्या रेडिओला पाडलेलं भोक

चांगल्या चालत्या रेडिओला भोक पाडायची हिंमत आमच्या खानदानात मी एकटीने केली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, कानाने मंद झाले होते आणि रेडिओ फार मोठ्याने लावायचे. गाव सोडून ते नागपूरला आमच्याकडे राहायला आले होते. शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसायला दिलेलं. पण संध्याकाळचे बाजारभाव ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आमच्या ओळीतल्या घरांना मधली भिंत एकच. शेजारच्या काकूंच्या मुलीची मॅट्रिकची परीक्षा आली, तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊजी, आवाज थोडा कमी करा नं." त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण आवाज कमी केला की मामाजींना ऐकू येईना. त्यांनी रेडिओ बंद केला, वर विणलेला रुमाल टाकला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. परीक्षा संपली तरी रुमाल निघाला नाही. जेवताना बाजारभावाबद्दल बोलणंही त्यांनी सोडलं. मला त्यांच्या हट्टाचा राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

त्याच सुमारास माझे यजमान हिंगण्याच्या कारखान्यातून एक बातमी घेऊन आले. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात हौशी लोक जमतात, आपापले रेडिओ, टेपरेकॉर्डर उघडतात आणि त्यात काय बदल केला ते सगळ्यांना करून दाखवतात. "येतेस काय?" त्यांनी गमतीने विचारलं. मी खरंच गेले.

त्या वर्गात मी एकटीच बाई. कोणीतरी अदबीने विचारलं, "कोणाले बोलवायचं आहे, वहिनी?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसले. तार सोलणं, सोल्डरिंग आयर्न तापवून तारेच्या जोडावर वितळलेल्या कथलाचा डाग देणं, सगळं तिथेच बघत बघत शिकले. मग एकदा एका गृहस्थांनी आपल्या टेपरेकॉर्डरला हेडफोनचा जॅक बसवून दाखवला. पिन आत घातली की स्पीकर बंद, आवाज फक्त कानात. पिन काढली की स्पीकर पुन्हा सुरू. मला डोळ्यांसमोर मामाजीच दिसले.

या हौशी मंडळाचा दंडक असा, की सेट आपल्या घरचा, चालताच आणायचा. आणि दाखवताना कोणी अडलं तर बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. सेटला हात लावायचा नाही.

मी मामाजींना विचारलं, रेडिओ नेऊ का म्हणून. "ने वं बाई," ते म्हणाले, "पण परत आणशीन त बोलता आण."

रेडिओच्या लाकडी पेटीला मी स्वतः भोक पाडलं, जॅक बसवला, तारा जोडल्या आणि रविवारी सेट वर्गातल्या टेबलावर ठेवला. बटण फिरवलं. जुना व्हॉल्व्हचा सेट, तापायला वेळ घेणारच. तो तापला, दिवा उजळला, पण आवाज नाही. एक तरुण उठून पुढे आला, "सरका वहिनी, मी पाहतो." मागच्या बाकावरचे एक वयस्कर सभासद कडाडले, "हात मागं घ्या गा! सेट त्यायचा आहे." मग माझ्याकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "आवाज कुठवर येऊन राहिला, ते पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. मी सोबत आणलेल्या हेडफोनची पिन आत घातली आणि कानाला लावून पाहिलं, तर आत कोणीतरी झकास गात होतं. म्हणजे आवाज जॅकपर्यंत येत होता आणि तिथून स्पीकरकडे जात नव्हता. मी रेडिओची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढली आणि जॅक निरखून पाहिला. त्यात पितळेची एक पातळ पट्टी असते. पिनेने ती बाजूला सरकते आणि पिन काढली की जागेवर येते. मी पोळीवर तूप सोडावं तशा सढळ हाताने डाग दिला होता; तो ओघळून पट्टीवर गेला होता आणि पट्टी तिथेच अडकली होती. आयर्न तापवलं, जास्तीचा डाग उचलला, पट्टी मोकळी केली. पुन्हा बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापले. मग रेडिओ एकदम बोलायला लागला! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या तरुणाकडे मी मुद्दाम पाहून घेतलं.

संध्याकाळी बाजारभावांच्या वेळेला मी रुमाल काढला, पिन घातली आणि हेडफोन मामाजींच्या कानांवर बसवला. घरात चिडीचूप. ते डोळे मिटून बसले. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. कानांवर हेडफोन असलेल्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. मामाजी एकदम गरजले, "तूर वाढली! आन् हे माह्या सुनेनं केलं! माह्या सुनेनं!"

भांडी घासायचं थांबवून शेजारच्या काकू धावत दारात आल्या. समोरच्या घरांतूनही माणसं डोकावायला लागली. मामाजींचं आपलं चालूच होतं, "माह्या सुनेनं केलं!"

आवाज थोडा कमी करा, असं मी काही त्यांना सांगितलं नाही.