धडधाकट डुकरं

सालेकशाकडच्या एका वस्तीत डुकरांमध्ये जीवघेणा ताप पसरला, तेव्हा मी सरकारी पशुवैद्य म्हणून पथकासोबत तिथे गेलो. साथ थांबवायला शेजारची धडधाकट डुकरंही मारायची होती. एक बाई तिच्या डुकरांच्या कोठ्याच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"माही डुकरं खाऊन-पिऊन राहिली. काऊन मारता?"

मी म्हणालो, "या तापावर अजून औषध नाही, लसही नाही, म्हणून. याच्या विषाणूत एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, जनुक आहे. ते काढलं की विषाणू दुबळा होतो. त्यातून लस बनवायचं चालू आहे."

"त्याले दुबळं करता येते," ती थुंकली, "अन् तुमी सुई आणली माह्या डुकरांले मारायची."

आम्ही तिला ओढून बाजूला केलं. पळा, पळा म्हणून ती डुकरांवर ओरडत राहिली. तिचा आवाज ऐकून ती सगळी तिच्याजवळच आली.